जंतूंनी काढलेला फेस

तीर्थरूप अप्पांना धाकटीचा दुरून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवते वेळेवर. फोटोत बारीक दिसते असं ताई म्हणाली ना, तो कॅमेऱ्याचा दोष.

सोमवारी आमच्या जंतूंनी एकदाचा फेस काढला! तेल खाऊन साबण करायचा गुण आम्ही त्यांच्यात घातला होता, पण अकरा महिने ते घरजावयासारखे नुसते खात बसले. सोमवारी फेस बाटलीचं झाकण ढकलून टेबलावर आला. मी पुसायला धावले, तर आमच्या प्रयोगशाळेच्या बाई ओरडल्या, "थांब गं, आधी बघू दे!" आणि रडायलाच लागल्या.

काल तो साबण गाळून, शुद्ध करून त्यानं मी तेलकट फडकं धुतलं. हात जराही चुरचुरले नाहीत. लॉन्ड्रीतल्या सोड्यानं फुटलेली तुमची बोटं आठवली आणि पुढे धुववेना. हा साबण दुकानात यायला अजून पाच-सहा वर्षं लागतील. तोवर मलम लावता ना?

लहानपणी तुम्ही माझ्या गालाला कधी हात लावला नाहीत, बोटं टोचतील म्हणून. रजा अजून मिळत नाही. पण येईन तेव्हा टोचली तर टोचू देत, अप्पा, एकदा लावाच.

तुमचीच,
धाकटी