महालक्ष्म्यांपुढची वाळूची पोती

प्रिय गोदाआत्या,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुला कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज मात्र राहवेना. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात. माझी सून शुभांगी आणि नातू ओसरीवर आरास मांडून बसलेत. नातवाला सैनिकांचा देखावा हवाय, आणि देखाव्यात इवलीइवली वाळूची पोती! मातीचे गोळे चेपून एकावर एक रचतायत. रचता रचता शुभांगी सहज म्हणाली, "आई, यंदा महालक्ष्म्यांचे मुखवटे शेजारच्या काकूंना घरात आणायला सांगा. मी आरास बघते."

गेल्या वर्षी माझा मुलगा गेला ना, आत्या. तेव्हापासून ती अशीच मागे मागे सरकते.

मला एकदम तूच दिसलीस.

तीर्थपुरीजवळच्या आपल्या घरात आरास म्हणजे तुझं राज्य. वडिलांची तू धाकटी बहीण. संसार म्हणजे काय ते कळायच्या आत विधवा होऊन माहेरी आलेली. मुखवट्यांना हात लावायचा नाही, हळदीकुंकवाला पुढे यायचं नाही. आरास मात्र सगळ्यांना तुझ्याच हातची हवी! हा कुठला न्याय गं?

पोलीस ॲक्शनच्या तोंडावरचं ते वर्ष आठवतं? गावावर रझाकारांची टोळी येईल या धास्तीनं वडिलांनी वाळूची पोती रचून पुढचं दार पार चोंदून टाकलं होतं. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आम्हा पोरांना गंमत वाटायची. तू म्हणालीस, यंदा आराशीत आपलंच घर करू, पोत्यांसकट.

जुन्या धोतराची बोटाच्या पेराएवढी पोती तू शिवलीस, काथाच्या पाण्यात बुडवून तपकिरी केलीस. वाळू भरायचं काम माझं. मी आपली गच्च भरायची आणि रचली की सगळी गडगडायची! "बबे, थोडी रिकामी ठेव की. मंग बघ कशी बराबर बसती," तू म्हणायचीस. आई डोकावून म्हणाली, "वन्सं, ह्या काय करंज्या करून राह्यल्या?" किती हसलो होतो आपण!

मग ते भांडण झालं. वडील म्हणाले, "यंदा महालक्ष्म्या मागच्या दारानं आणा. पोते हलनार न्हाईत."

आई कडाडली, "लक्ष्मी काय चोरावानी येती व्हय?"

"अन् गोळी आली म्हंजे?"

दोघांचंही खरं होतं. आई रडायला लागली. तेव्हा तू आराशीपाशी बसल्या बसल्या म्हणालीस, "दादा, हे बघा. पोते दारात कामून? दारापुढं दोन हात सोडून लावा. मानूस बाजूनं वळून येतं. गोळीला वळता येत न्हाई."

आणि छोटी पोती उचलून तू तशी लावूनही दाखवलीस. वडील चक्क पालथे पडले, खेळण्यातल्या दाराला डोळा लावला, आणि ओरडले, "बाहीरचं बिलकुल काही दिसत न्हाई!" त्याच दुपारी खरी पोती हलली.

महालक्ष्म्या पुढच्या दारानं आल्या. रीतीप्रमाणे दारात विचारलं गेलं, "लक्ष्मी आली कशाच्या पायी?" आणि मुखवटा घेतलेली आई म्हणाली, "सोन्याच्या पायी!" कुंकवाची पावलं पोत्यांना वळसा घालून घरात शिरली. टोळी काही आली नाही. शेजारच्यांनीही आपापल्या दारापुढं तशीच पोती लावली आणि नाव झालं वडिलांचं. एकदा तरी बोलायचंस की! लक्ष्म्या घरात आल्या तेव्हाही तू स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होतीस. मी विचारलं, "आत्या, तू का न्हाई आनत लक्ष्मी?" तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि पुरणाकडे वळलीस. त्या वेळी मला वाटलं, तुला हौसच नाही. किती वेडी मी! जिनं लक्ष्मीला वाट करून दिली, तिनंच आड उभं राहायचं, आणि आम्ही कुणी हूं की चूं केलं नाही. याचा राग मला आज येतोय, आत्या. फार येतोय.

मघाशी शुभांगीला म्हटलं, मुखवटे तू आणायचेस. ती पांढरीफटक पडली. "आई, लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक जेवायला येतील, पुरणपोळी खातील आणि जातील. तिनं हातातली माती खाली ठेवून पदराला डोळे पुसले.

तेव्हा हे माझं वचन. महालक्ष्म्यांच्या दिवशी मी दारात उभी राहीन. शुभांगी ज्येष्ठेचा, थोरल्या लक्ष्मीचा, मुखवटा उराशी धरून उंबऱ्याशी येईल आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी विचारीन, "लक्ष्मी आली कशाच्या पायी?"

तिनं उत्तर दिल्याशिवाय मी दारातून बाजूला होणार नाही.

तुझी लाडकी,
बबी