रविवारच्या भेटीचा तास तपासणीत धरण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
मानसिक आरोग्य रुग्णालय.

अर्जदार : वॉर्ड तीन (स्त्रिया), खाट अकरा.

विषय : सामाजिक संवाद-कौशल्याच्या तपासणीत दोनदा नापास केल्याबाबत, आणि तिसरी तपासणी रविवारी भेटीच्या वेळेत घेण्याबाबत.

संदर्भ : व्यवसायोपचार विभागाचे गुणांचे दोन तक्ते.

महोदय,

१. अर्जदार गेले पाच महिने आपल्या रुग्णालयात आहे. शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडे आहे पण मजकूर सरळ आहे, तरी शेवटपर्यंत वाचावा. बाहेर माझे अकरा मशिनचे शिवणघर आहे आणि तिथे मला मास्तरीणबाई म्हणतात. इथे खाट अकरा म्हणतात. आकडा तोच पडला, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

२. आजार होता हे मी नाकारत नाही. मागच्या वर्षी यजमानांना झटका आला. त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. त्यानंतर मी कित्येक महिने धड झोपले नाही आणि एका सकाळी गिऱ्हाइकांचे बावीस शर्ट कातरीने पट्ट्या पट्ट्या करून टाकले. का, ते मला आजही सांगता येत नाही. मुलाने इथे आणले, योग्य केले. गोळ्यांनी उतार पडला. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले आहे की औषधाच्या बाजूने घरी जाण्यास हरकत नाही. आता अडले आहे ते फक्त वरील तपासणीपाशी. "चार माणसांत वागता येते" असे थेरपीच्या बाईंनी लिहिल्याशिवाय दार उघडत नाही.

३. थेरपीच्या बाई माझ्या नातीच्या वयाच्या आहेत. मुलगी गुणी आहे, गोड बोलते, याबद्दल दुमत नाही. पहिल्या तपासणीत त्यांनी आम्हा चौघींना टेबलाशी बसवले आणि कागदी पाकिटे चिकटवायला दिली. स्वतः कोपऱ्यात वही घेऊन बसल्या. म्हणाल्या, "आजी, मी इथे नाहीच असं समजा." साहेब, धडधाकट माणूस समोर बसलेले असताना ते नाही असे समजायला लागले तर तुम्हीच मला आणखी पाच महिने ठेवाल.

४. वीस पाकिटे व्हायची होती. मी एकीला घडीला बसवले, एकीला डिंकाला, एकीला थप्पीला. एकसष्ट झाली. त्याबद्दल तक्त्यात लिहिले आहे, "इतरांना न विचारता काम सोपवते." खाली लिहिले, "मोठ्याने बोलते." अकरा मशिन चालू असताना हळू बोलून दाखवावे कुणीतरी. त्याखाली, "बोलणाऱ्याकडे पाहत नाही", चारपैकी एक गुण. साहेब, मशिन चालू असताना जी मान वर करते तिच्या बोटातून सुई जाते. माझ्या डाव्या बोटावर खूण आहे. ती आयुष्यात एकदाच वर पाहिल्याची आहे. शिवणघरात चाळीस वर्षे मी मान खाली ठेवून ऐकले आहे. बायकांची बाळंतपणे, सवती, सासवा, सगळे ऐकले आहे, आणि एकीचे एक अक्षर कधी दुसरीकडे गेलेले नाही. ते या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसते, ते मला सापडले नाही.

५. तरी मी मान खाली घातली. म्हणजे वर केली. थेरपीच्या बाईंनी सांगितले तसे दीड महिना शिकले. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहायचे. समोरच्याचे बोलणे संपले की मनात तीन अंक मोजायचे, मग आपण बोलायचे. "डिंक दे गं" म्हणायचे नाही, "कृपया डिंक देता का" म्हणायचे. गेल्या मंगळवारी दुसरी तपासणी झाली. मी खाट बाराच्या बाईच्या डोळ्यांत असे पाहिले की ती बिचारी रडत उठून गेली. तिसरी म्हणाली, "अहो, मास्तरीणबाईंना काय झालंय? काल बऱ्या होत्या की!" पाकिटे झाली नऊ. तक्त्यात शेरा आला : "वागणे पाठ केल्यासारखे. सहजता नाही." साहेब, पाठ तुम्हीच करून घेतले होते.

६. आता माझी स्थिती अशी आहे. बोलले तर जास्त बोलते. गप्प बसले तर मिसळत नाही. परवा जिन्यात परिचारिका चपलेचा अंगठा तुटून आपटता आपटता वाचली, मी हसले, तर "प्रसंगाला न शोभणारे हसणे" अशी नोंद झाली. पडता पडता ती स्वतः हसत होती, तिची नोंद कुणी केली नाही. वॉर्डाची खिडकी चार बोटे उघडते, तेवढ्यातून मी रस्त्यावरचा फळवाला आणि कामाला जाणारी माणसे पाहते. ती सगळी एकमेकांकडे न बघता, ओरडून, हुकूम सोडत बोलतात. पन्नास जणांत दोन पास होतील. पण ती बाहेर आहेत.

७. हा सगळा मजकूर लिहिण्याचे कारण निराळे आहे. दुसऱ्या तक्त्याच्या पाठीमागे एक ओळ आहे : "भेटीच्या वेळी पतीशी संवाद नाही. एक तास दोघे शांत बसून." ही ओळ मला मान्य नाही. बाकी सगळ्या मान्य करते, ही नाही.

८. यजमान कटिंगच्या टेबलाला आणि मी समोरच्या मशिनवर, असे आम्ही चाळीस वर्षे बसलो. त्या खडखडाटात आमचे बोलणे कधी तोंडाने झालेच नाही. टेबलावर कातर दोनदा वाजली की कापड कमी पडले. मी खांदा उडवला की बाही आखूड करा. त्यांची वाचा गेली तेव्हा आमचे दोघांचे काहीच गेले नाही. परवाच्या तासात त्यांनी डाव्या हाताची बोटे मांडीवर आपटली, म्हणजे सून चहात साखर घालत नाही. मी भुवई चढवली, म्हणजे डॉक्टरांनी बंद केली आहे, गुमान प्या. त्यांनी मान वळवली, म्हणजे तू ये, मग बघू. नंतर मी त्यांच्या शर्टाची बटणे सोडून पुन्हा लावली, कारण ती एक घर चुकून लावलेली होती. सुनेला वेळ नसतो आणि त्यांच्या एका हाताने नीट होत नाही. दर रविवारी ते तसेच येतात. आधी मला सुनेचा राग येत असे. परवा माझ्या ध्यानात आले की सून नीट लावून देते. वाटेत तेच एका हाताने सोडून चुकीची लावतात. म्हणजे मग मला लावायला मिळतात.

९. सबब तिसरी तपासणी, नियमाप्रमाणे ठरली आहे तशी तीन महिन्यांनी पाकिटांवर न घेता, येत्या रविवारी चार ते पाच भेटीच्या खोलीत घ्यावी. थेरपीच्या बाईंनी वही घेऊन जवळ बसावे, कोपऱ्यात नको. मी एक शब्द बोलणार नाही. त्यानंतर जे गुण पडतील ते मी मान्य करीन, शून्य पडले तरी.

१०. हे नियमात बसत नसल्यास आणखी एक. परवा बटणे लावताना वरून तिसरे बटण माझ्या हातात आले. वॉर्डात सुई देत नाहीत. का देत नाहीत ते मला कळते, बावीस शर्ट मीच कापले आहेत. यजमान छाती उघडी टाकून परत गेले. दोन्ही तक्त्यांत "मदत मागणे" या रकान्यात मला शून्य आहे, आणि ते एवढे मात्र बरोबर आहे. माझ्या शिवणघरातून गल्लीने सुया नेल्या, मी कधी परत मागितल्या नाहीत आणि कुणाकडे मागायला गेले नाही. रविवारी ते तोच शर्ट घालून येतील, मी ओळखते त्यांना. तेव्हा दहा मिनिटांपुरती एक सुई आणि हातभर पांढरा दोरा द्यावा. सुई मोजून द्यावी, मोजून घ्यावी. वाटल्यास परिचारिकेने माझे मनगट धरून उभे राहावे, मी तसेच शिवीन.

ही सुई मी आपल्याकडे मागते आहे. कृपया.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
मास्तरीणबाई
खाट अकरा, वॉर्ड तीन
मंगळवार, दि. १०

सोबत :
१) गुणांचे दोन तक्ते.
२) बटण एक, पांढरे, चार भोकांचे, कागदात गुंडाळून. पाहून झाल्यावर रविवारच्या आत परत मिळावे.