घाट चढेल असं इंजिन

६ फेब्रुवारी १९७३, मंगळवार
दुपारी चार वाजून वीस मिनिटं. करंजी घाट, दुसरं वळण. वेळेसकट लिहून ठेवते. उद्या कुणी "तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल" म्हणायला नको.

गाडी चढेना. रंगनाथ मिस्त्रीने दिवाळीपासून माझी विलायती दोनसीटर खोलून ठेवली होती. "शर्यतीचं इंजिन बांधून देतो बाई, उडत जाल." आज पहिल्यांदा घाटात घातली आणि पाथर्डीची एस.टी. हॉर्न देत पुढे गेली. एस.टी.! टपावर बोचकी, खिडकीतून एक बाई ओकत होती, तरी पुढे.

कडेला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया. एक पदर खोचत उठली.
"मावशी, ढकलू का?"
म्हटलं, नको.
"लाजू नगा. आमी हाव की चौघीजनी."
सगळ्या हसल्या. गाडी दुसऱ्या कुणाची असती तर मीही हसले असते. माथ्यापर्यंत पहिल्या गिअरमध्ये.

७ फेब्रु.
मिस्त्रीकडे गेले. म्हणे, "नवं इंजिन हाय बाई. मोकळं व्हायला येळ लागतो. जपून चालवा."
"जपून चालवायला बांधून घेतलं का? अठरा मार्चला पुण्याच्या क्लबची घाटातली शर्यत आहे."
"शर्यत..." एवढं म्हणून तो एका जीपखाली शिरला. बाहेर फक्त पाय. पायांशी बोलून आले.

लष्कराच्या वर्कशॉपातही विचारलं. तरुण कॅप्टनने चहा पाजला. "किती गोड जुनी वस्तू आहे," म्हणाला. गाडीबद्दलच म्हणाला असावा. असलं इंजिन आता त्यांच्याकडे कुणालाच येत नाही. त्यांचा एक जुना फोरमन, शिंदे, बेलापूरला असतो. पूर्वी गोऱ्या साहेबांच्या शर्यतीच्या गाड्या त्याच्या हातच्या. "पण माणूस तिरसट आहे, मॅडम."
म्हटलं, जमेल आमचं.

११ फेब्रु., रवि.
झोप धड नाही. गेल्या वर्षीची शर्यत पुन्हा पुन्हा आठवते. क्लबाने मला 'प्रदर्शनात' घातलं. बॉनेटवर झेंडूचा हार, आणि अध्यक्षांच्या हस्ते खण-नारळ. मोटारीच्या शर्यतीत खण-नारळ! मग बाकीच्यांच्या गाड्या गर्जत वर गेल्या आणि मी खाली ओटी सांभाळत उभी. मेट्रन म्हणून तीस वर्षं सर्जन लोकांना हात धुवायला लावले ते याचसाठी का?

यंदा अर्जात 'स्पर्धक' असं लिहिलंय. ठळक.

१३ फेब्रु.
बेलापूर. वाटेत उसाच्या बैलगाड्यांना मागे टाकलं. तेवढी ऐपत उरली आहे.

शिंदे फोरमन अंगणात एका गुऱ्हाळाच्या इंजिनाला शिव्या देत होता. मला नमस्कार नाही, गाडीला सलाम. मग "कुनी बिगडिवली हिला?" आणि लगेच इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवायला बसला. तासभर स्वतःची तारीफ चालली होती. अमक्या कर्नलची गाडी, तमक्या घाटात पहिली. मधेच पान्हा खाली ठेवून आत वाकला. तेव्हा कळलं, काहीतरी सापडलं.

"बाई, हितं एक पॅकिंग असतंय. ह्यानं दोन घातल्यात. एकावर एक. म्हंजे दाबच बसत न्हाई, ताकद येनार कुठनं? आन हे बघा." अ‍ॅक्सिलरेटरच्या पायपट्टीखाली बोल्ट ठोकलेला. पाय अर्ध्यावरच अडतो.
"चूक झाली असेल?"
"चूक न्हाई, मुद्दाम केलंय."
आणि पिस्टन साधे. जुनेच. बर्मिंगहॅमहून माझ्या मैत्रिणीने लोकरीच्या बनियनात गुंडाळून पाठवलेले, उंच डोक्याचे, ते यात नाहीतच!
"ते आना. मग ही गाडी एस.टी.ला कशी मागं टाकती बघा."
आतून त्याची बायको ओरडली, "आवो, म्हाताऱ्या बाईला मारता का काय?"
"म्हातारी कोन? दारात गाडी कशी वळीवली बघितलं न्हाईस तू!"
बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. मग परतीच्या वाटेवर पुन्हा तो बोल्ट पायाला लागत राहिला. त्याने काढून टाकला असता. मीच म्हटलं, राहू दे, पुरावा आहे.

१५ फेब्रु.
मिस्त्री. आज जीपखाली जायच्या आत पकडला.
"वकीलसायबांनी सांगितलं हुतं, बाई. एकटं बाईमानूस, वय झालेलं. घाटात काय झालं म्हंजे? ते पिस्टन त्यांनीच नेलं. हात जोडतो. माझ्या आईची असती तरी अशीच बांधली असती."
"तुझी आई गाडी चालवते?"
"न्हाई."
"मग?"
तो पुन्हा जीपखाली शिरला. खरं सांगायचं तर त्याच्यावर नीट रागावताही येईना.
वकीलसाहेब म्हणजे वसंत. माझा धाकटा भाऊ. लहानपणी याला सायकल मी शिकवली.

१६ फेब्रु., शुक्र.
वसंताकडे. तक्क्याला टेकून बसला होता, जणू मी अशील.
"अक्का, काळजीपोटी केलं."
"माझ्या पाठीमागे?"
"समोर केलं असतं तर तू करू दिलं असतंस? डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय."
"पिकतोय. पिकला नाही. पुढच्या वर्षी पिकेल, म्हणून तर यंदा जायचंय."
"आणि पडलीस दरीत तर? लोक मला विचारतील."
"म्हणजे काळजी माझी, की लोक तुला विचारतील त्याची?"
चष्मा पुसत बसला. पिस्टन त्याच्या कपाटात आहेत, शर्यत झाली की देणार. शर्यत झाल्यावर मी त्यांचं काय लोणचं घालू?
त्याच्या बायकोने, सुमनने, शिरा आणला. भांडणात तिला काहीतरी खायला द्यायची सवयच आहे. खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला.

१९ फेब्रु.
शिंदे फोरमनचा निरोप. फेब्रुवारी संपेपर्यंत पिस्टन आले तरच शर्यतीला इंजिन बसेल. पुढे त्याला गुऱ्हाळांची कामं.

घरात बसवत नाही. शेडमध्ये जाऊन गाडीत बसले. डावा डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचून पाहिली. नाही लागली. पाटी जुनी आहे, रंग उडालाय. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ लागते, आणि घाटात मी डोळा झाकून जाणार नाही.
पुन्हा वाचून पाहिली.

२२ फेब्रु., गुरु.
वसंताला पत्र, रजिस्टरने. तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो. पोस्टातला कारकून पत्ता वाचून म्हणाला, "बाई, मीच जाताना टाकतो की." म्हटलं, पोच हवी. नक्कल इथे उतरवून ठेवते:

चि. वसंत यास,
माझे चार पिस्टन तुझ्याजवळ आहेत. ते माझे आहेत हे तुला मान्य आहे. मी सज्ञान आहे, गाडी चालवण्याचा परवाना माझ्या नावाचा आहे आणि तो चालू आहे. दरीत पडले तर ती दरीही माझी.
डोळ्याबद्दल तू म्हणालास ते मी ऐकलं आहे. त्याचा विचार मी करते आहे, आणि करणारी मीच आहे.
पिस्टन बुधवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या घरी पोचव. पोचवायचे नसतील तर त्याच वेळेच्या आत, तुझ्या सहीनिशी, मला लेखी कळव की माझी वस्तू तू कोणत्या अधिकाराने ठेवून घेतली आहेस. तोंडी उत्तर चालणार नाही, सुमनबरोबर निरोपही नको. आणि त्या उत्तरात 'काळजी' हा शब्द एकदाही येता कामा नये. तो वगळून काय उरतं, ते मला वाचायचं आहे.