सोमवारचे तीन टोले

नंदनवन, नागपूर
सोमवार, १२ मार्च १९७९

द्वारकाताईंना वहिनीचा नमस्कार.

हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणूनच खरं लिहून राहिली.

तेरवीले तुम्ही विचारलं, "वहिनी, माय शेवटी काय बोलली?" मी म्हटलं, "काही नाही, सोमवार होता." ते खोटं नव्हतं. सोमवारी सासूबाईंचं मौन राहायचं. काही लागलं तर त्या पितळी गडव्यावर चमचा वाजवायच्या. एक टोला म्हणजे पाणी, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे जवळ येऊन बस.

आता त्यांचं मौन मी धरते. फायदा झाला, ताई. तोंडातून नको ते जात नाही. तुमच्या भावाचा आवाजही उतरला; एकटा माणूस किती वेळ भांडून राहील? घर इतकं शांत झालं, की माठ पाझरतो तेही ऐकू येते.

त्याच शांततेत महिन्यापासून दर सोमवारी दुपारी तीन टोले येतात. गडवा मी फडताळात ठेवला आहे, चमचा चुलीजवळ.

त्यांच्या शेवटच्या सोमवारीही तीनच आले होते. आदल्या दिवशी आमचं सासू-सुनेचं वाजलं होतं, म्हणून मी ऐकूनही तांदूळ निवडत राहिली. सूप खाली ठेवून गेली, तेव्हा त्या थंड पडल्या होत्या.

आज टोले आले, तशी मी त्यांच्या रिकाम्या बाजेवर येऊन बसली. टोले थांबले. मग माझ्या शेजारी बाजेची दोरी हळूच दबली. ती अजून तशीच आहे.

उठू का, एवढंच त्यांना विचारायचं आहे. पण आज आम्हा दोघींचाही सोमवार आहे.

तुमची वहिनी,
पंचफुला