न खेळलेली फायनल

बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून मारामारीच करते आहे. पडद्यावर दोन लढवय्ये, दोघांच्या डोक्यावर ताकदीची एकेक पट्टी, ज्याची पट्टी आधी संपली तो हरला. एवढाच माझा धंदा. त्यावर माझं घर चालतं, हैदराबादच्या एका टीममध्ये मी सगळ्यांत जुनी खेळाडू आहे आणि बँकॉकपर्यंत जाऊन मार देऊन आणि खाऊन आले आहे. आई शेजारणींना "ते कंप्युटरमंदी हाय" एवढंच सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. सगळं छान चाललंय. फक्त माझ्या पहिल्या कपाबद्दल मी तुमच्याशी खोटं बोलले होते आणि ते गेल्या रविवारी आईसमोर उघडं पडलं, म्हणून लिहायला बसले.

आदिलाबादला आले की मी अजून मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीतून जाते. आपल्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, पण मला तिथे वार्निशचाच वास येतो. जळालेल्या मोटरी, तांब्याच्या तारेची रिळं, आणि गुडीहत्नूरकडून पंपाचे स्टार्टर पिशवीत घालून आलेले शेतकरी. मागच्या भिंतीशी जुना टीव्ही लावून मी खेळत असे आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून वायंडिंग भरत असायचात. मोटरीचं बेअरिंग गेलंय का हे तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून सांगायचात. माझा खेळही तसाच ऐकायचात, मागे वळून न बघता, नुसत्या बटणांच्या टकटकीवरून. "आता उडी मारशीन. पाह्य, मारली. कोपऱ्यात सापडली का उडी मारते तू, अन् उडी मारली का मार खाते." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं म्हणून मी चिडायची. पुढे टीमच्या कोचने माझे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले आणि दोन तासांनी हेच सांगितलं, तेव्हा मला इतकं हसू आलं की तो बिचारा नाराज झाला.

आणि तो बोर्ड! माझा कंट्रोलर तुटला तेव्हा तुम्ही मीटरच्या लाकडी डब्यावर स्टार्टरची बटणं बसवून मला नवा करून दिलात. ठोशांना हिरवी, लाथांना लाल. ठोसे झकास बसत होते. लाथेचं मात्र काहीतरी विपरीत होतं. लाल बटण दाबलं की पडद्यावरची माझी बाई ढिम्म उभी, बोट उचललं की लाथ. तुम्ही तीन दिवस गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून तो बोर्ड केला होता, तुम्हाला कसं सांगणार? आठ दिवस मी बोटं उचलून उचलून लाथा मारल्या. नवव्या दिवशी तुम्ही वायंडिंग सोडून उठलात. "टकटक आधी होते अन् लाथ मागून येते. काऊन?" तुम्ही बोर्ड उलटा केलात आणि कपाळावर हात मारलात. स्टार्टरचं लाल बटण मोटर बंद करायचं; दाबलं की सर्किट तुटणार, सोडलं की जुळणार. तीस वर्षांच्या सवयीने तुम्ही तेच बसवलं होतं. बाकावरचा शेतकरी पोट धरून हसत होता, तुम्हीही हसलात, आणि मग माझ्याकडे बघून म्हणालात, "तू आठ दिवस सांगतलं काऊन नाई वं?"

बी.कॉम. झालं आणि घरात बी.एड.चा विषय निघाला. आईने फॉर्म आणून देवाच्या फोटोमागे ठेवलासुद्धा. तेव्हा तुम्ही मला दुकानात बसवून अट घातलीत. "एक साल देतो तुले. एक कप घरी आनजो. नाई त गुपचूप फारम भरजो. मंग रडाचं नाई." मी हो म्हणाले. एका वर्षात एक कप, त्यात काय! पण त्या वर्षाने माझ्या नाकी नऊ आणले. नागपूरला पहिल्याच फेरीत हरले. हैदराबादला दोनदा दुसऱ्या फेरीत. पुण्याला एका शाळकरी पोराने मला इतकं बडवलं की मी त्याच्याकडूनच डाव शिकून आले. अकरा महिने संपले आणि आई फॉर्मवरची धूळ पुसायला लागली.

शेवटची स्पर्धा हैदराबादलाच होती, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. कशी कोण जाणे, मी फायनलला पोचले. समोर मंचेरियलचा एक मुलगा होता, कोळसा खाणीत नुकता लागलेला. फायनल सहाला ठरली होती. मशिनं बिघडली, दुसऱ्या एका खेळाच्या मॅचेस लांबल्या, आणि सात वाजले तरी आमचा नंबर येईना. तो पाठीला बॅग लावूनच माझ्याकडे आला. "अक्का, मेरेकू गाडी पकडना है. सुबे ड्यूटी है. ऑल द बेस्ट." माझ्याशी हात मिळवला आणि गेला. संयोजकाने माईकवरून माझं नाव पुकारलं आणि कप हातात दिला. मी फायनलचं एक बटणसुद्धा दाबलं नव्हतं.

सकाळी तुम्ही स्टेशनावर उभे होतात. कप टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता, तुम्ही तो तिथेच प्लॅटफॉर्मवर सोडवलात. स्कूटरवर मागे वळून वळून विचारत होतात, "कसा हरवला त्याले? सांग ना बाप्पा!" आणि मी सांगितलं. तिसरा राऊंड, माझी पट्टी बोटभर उरलेली, तो मला कोपऱ्यात दाबतोय. तुम्ही स्कूटर बाजूला घेऊन थांबवलीत. "उडी नाई ना मारली?" मी म्हटलं, नाही मारली. तेवढं एक खरं होतं. तुम्ही यार्डात पेढे वाटलेत, कप दुकानाच्या फळीवर ठेवलात आणि तेलुगू शेतकऱ्यांनाही बोट दाखवून सांगत राहिलात, "मा अम्मायी गेलिचिंदी," आमची पोरगी जिंकली. फॉर्म रद्दीत गेला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात तेव्हा मी खरी एकही फायनल जिंकलेली नव्हती. नंतर पुष्कळ जिंकल्या, पण तुम्ही पाहिलेला कप तो एकच.

गेल्या रविवारी तो मंचेरियलचा मुलगा घरी आला. आता मुलगा कसला, दोन लेकरांचा बाप आहे, अजून खाणीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी खेळतो. आदिलाबादला लग्नाला आला होता, मीच जेवायला बोलावलं होतं. कपाटातला कप बघून तो खदखदा हसला आणि माझ्या आईला सगळं मजेत सांगून टाकलं. तिला माहीत असेल अशीच त्याची समजूत. आई हातात भाकरी घेऊन तशीच उभी. मला वाटलं आता काही खरं नाही. ती म्हणाली, "तुह्या बाबानं यार्डात पेढे वाटले होते वं." मग भाकरी त्याच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "जेवा. अन् मंग खेळून टाका ना आता. इतके वर्स काऊन थांबले?"

जेवण झाल्यावर आम्ही खेळलो. आईने खुर्ची ओढून मधोमध बसकण मारली. आधी तीन मॅच जिंकेल त्याचा कप. पहिल्या दोन त्याने घेतल्या, अगदी पूर्वीसारखा हात. पुढच्या तीन मी घेतल्या, शेवटची तर घाम काढून. आईने कप पदराने पुसला, परत कपाटात ठेवला आणि जाहीर केलं, "झालं. आता तं खरा झाला." तो हसून म्हणाला, "अक्का, उस दिन गाडी नहीं रहती तो मैं जीतता." मीही हसले.

त्याला अजून वाटतं की फायनल गाडीमुळे राहिली. आईलाही तसंच वाटतं. बाबा, त्या दिवशी चार वाजता संयोजक माझ्याकडे आला होता. म्हणाला, एक मशीन रिकामं आहे, त्या मुलाला गाडी आहे, तुमची हरकत नसेल तर फायनल आत्ताच उरकू. मी त्याची सेमीफायनल पाहिली होती. तो एकही राऊंड हरला नव्हता. मी म्हटलं, "ठरल्या वेळेलाच होऊ द्या, मी अजून जेवले नाही." आणि खालच्या मजल्यावर जाऊन इडलीची प्लेट पुढ्यात घेऊन बसले. भूक नव्हती. घड्याळाकडे बघत बसले होते. मला खेळायचं होतं हो बाबा, एक मॅच नाही, आयुष्यभर. आणि त्यापायी मी त्याला एक मॅच खेळू दिली नाही.

रविवारी तो समोर बसला होता, तेव्हाही हे त्याला सांगितलं नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही म्हणून लिहिता आलं. तुम्ही असतात, तर लिहिलं नसतं.