पुठ्ठ्याच्या घराची खिडकी

रविवार, दिवेलागण. मनीमाजरा.

मुक्ते, नात म्हणून स्वतःची बाजू घेऊ नकोस, मी बोलते तेवढंच लिही.

ह्या मुक्ताने आपल्या सिनेमासाठी माझं माहेर पुठ्ठ्याचं केलं, हातभर उंच. खरं घर धरणात गेलं, फोटो एकही नाही, म्हणून सगळं मला विचारून. चुलीजवळची खिडकी कुठे? मी ठणकावून सांगितलं, चुलीच्या डावीकडे. आज गच्चीवर घर टबात ठेवून हिने मगाने पाणी सोडलं. इकडे उत्तरेत वाढलेली ती, हिंदीतच म्हणाली, "आजी, घर छोटा बन जाता है, पानी की बूँद नहीं. इसलिए स्लो दिखाऊँगी, तो पानी बड़ा लगेगा." मोबाईलवर ते पाहिलं आणि मला रडूच आलं. पुठ्ठ्यासाठी! खरं घर बुडालं तेव्हा तर मी सासरी भाकऱ्या थापत होते.

पण ती खिडकी... चुलीकडे तोंड करून बसलं की ऊन माझ्या उजव्या गालावर यायचं. मग डावीकडे कशी? डोळे मिटले तर आता पुठ्ठ्याचंच घर दिसतं. विचारू कुणाला? भाऊही गेला.

"फिर चेंज करूँ, आजी? पक्का बताओ."

राहू दे डावीकडेच. पण इथे लिहून ठेव, आजीला पक्कं माहीत नाही.