साठ मीटर पुढे

३ नोव्हेंबर, रविवार

तेरा फेऱ्या. तीन तास चार मिनिटं धरून चाललो होतो — आलो तीन तास दोन मिनिटं बत्तीस सेकंदांत! किलोमीटरला पाच मिनिटं सदतीस. हाच वेग टिकला तर एकोणीस जानेवारीच्या मॅरेथॉनला तीन तास सत्तावन्न मिनिटं. आजवर पाच पळालो, त्यातली सगळ्यात चांगली वेळ चार तास तीन मिनिटं चाळीस सेकंद. वय चोपन्न. यंदा नाही तर मग कधी?

मास्तरांनी नेहमीची पुडी सोडली. भूगोल शिकवतात, माझ्याच वेगाने पळतात. "तुमची अडीच किलोमीटरची फेरी माझ्या जीपीएस घड्याळात दोन सत्तेचाळीसच भरते हो."

"उपग्रहाला झाडं आडवी येतात, मास्तर. माझ्या चाकाला येत नाहीत."

सगळे हसले. तळ्याभोवतीची ही फेरी मी मोजलेली आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला काउंटर — जुन्या छपाई यंत्राचा. त्याचा क्लॅम्प मी लेथवर काढला. सायकल स्टँडवर टांगून चाकाचा घेर पोलादी टेपने घेतला : दोन मीटर एकशे पंधरा मिलिमीटर. तळ्याभोवती चाकाच्या अकराशे ब्याऐंशी गिरक्या. अडीच किलोमीटरला सात सेंटिमीटर कमी पडले, ते खूण रंगवताना धरले. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, पण कारखान्यातले इंजिनीअर माप तपासायला माझ्याकडे येतात.

चार तासांच्या आत येणाऱ्याला आमचा गट निळी टोपी देतो. माझ्या खुणांवर नऊ माणसं पळतात. तिघांकडे टोपी आहे. माझ्याकडे नाही.

हिला लिहून दिलंय — चाराच्या आत आलो की बूट माळ्यावर. पहाटेचे गजर बंद. सहीसकट कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय तिने.


६ नोव्हेंबर, बुधवार

चार फेऱ्या. उजवी टाच कुरकुरते. लक्ष दिलं नाही.


१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज लेथवर जॉब तसाच राहिला आणि मी हातगाड्याकडे बघत उभा!

साडेतीनशे किलोचा ठोकळा आला होता. हातगाड्यावर ठेवला तशी रबरी चाकं खाली दबली. फोरमन ओरडला, "हवा बघा रे गाड्याची, पार पोळी झाली चाकांची!" माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. चाक दबलं म्हणजे आसापासून जमिनीपर्यंतचं अंतर कमी झालं. म्हणजे एका गिरकीत गाडा कमी पुढे जाणार.

मी घेर मोजला तेव्हा सायकल टांगलेली होती. मोजणीला गेलो तेव्हा वर मी बसलो होतो. ब्याऐंशी किलो.

फोरमनने विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, "बरं आहे. चुकलंय."


१३ नोव्हेंबर, बुधवार

घरामागच्या बोळात ही खडू घेऊन उकिडवी बसली. टायरवर एक रेघ, त्याखाली जमिनीवर एक रेघ. मी सायकलवर.

"हलू नका."

"हललो नाही तर पुढे कसा जाणार?"

"मग हला. पण सांगून हला."

एक पूर्ण गिरकी, पुन्हा रेघ. पाच वेळा केलं. पाचही वेळा दोन मीटर शहाऐंशी मिलिमीटर. एका गिरकीत एकोणतीस मिलिमीटरचा फरक! कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी मी लोकांना बोललोय.

फेरी चौतीस मीटर कमी भरते. मास्तरांच्या घड्याळात दिसते तेवढीच. माझे तीन सत्तावन्न म्हणजे खरे चार तास अठरा सेकंद.

ही म्हणाली, "म्हणजे मास्तरांचं घड्याळ बरोबर." एवढंच. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कुणाला सांगितलं नाही.


१७ नोव्हेंबर, रविवार

आजही नाही. मास्तर चार फेऱ्यांत पंचावन्न मिनिटांच्या आत आले. पहिल्यांदाच! आनंदाने सगळ्यांना केळी वाटली. मला दोन दिली — "तुमच्या खुणांमुळे." एक खाल्लं. दुसरं खिशात तसंच घरी आलं. हिने खिशातून काढलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टेबलावर ठेवलं.


२० नोव्हेंबर, बुधवार

सांगितलं. पहिल्या खुणेपाशी सगळ्यांना थांबवलं. "दोन वर्षं तुम्ही माझ्यामुळे कमी पळताय. फेरीमागे चौतीस मीटर. चूक माझी."

मास्तर बुटाची नाडी बांधत होते. ती बांधून झाल्यावर उठले.

"केळी परत करा."

मग जो हशा पिकला! वर म्हणाले, "आणि माझ्या घड्याळाची माफी मागा." मागितली. त्यांच्या मनगटापुढे हात जोडून.

दुपारी तारेच्या ब्रशने जुन्या खुणा खरवडल्या. मास्तर रंगाचा डबा धरून सोबत आले. मला वाटलं होतं, पार पत जाईल. उलट हलकं वाटलं. पाय तर तेच आहेत! कमी होतं ते अंतर. आता मोजून मिळवायचं.


१५ डिसेंबर, रविवार

खऱ्या तेरा फेऱ्या. तीन तास चार मिनिटं दहा. किलोमीटरला पाच चाळीस. या वेगाने तीन तास एकोणसाठ मिनिटं सहा सेकंद. चोपन्न सेकंद शिल्लक! वयाइतकेच. मास्तर पूर्ण वेळ खांद्याला खांदा लावून होते, शेवटच्या फेरीत दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना.


२८ डिसेंबर, शनिवार

टाच ठणकते. हिने शेक दिला. "पाय तुमचे आणि ड्युटी माझी."


५ जानेवारी, रविवार

शर्यतीचा रस्ता जाऊन यायचा आहे. नदीकाठाने सरळ गोदामांपर्यंत जायचं, तिथून वळून त्याच रस्त्याने परत. म्हणजे वळण बरोबर एकवीस किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटरवर हवं. आयोजकांनी तिथे रस्त्यावर पिवळी खूण केलीय असं कळलं. एकदा पोळलोय, आता फुंकून पितो. म्हटलं, मोजूनच येऊ.

उजाडायच्या आत निघालो. हिने सायकल पुसून दाराशी लावून ठेवली होती, हँडलला चहाचा थर्मास. सायकल आज चांगलीच हलकी चालत होती. रस्ता रिकामा, काउंटरची टिकटिक, नदीवर धुकं. मजा आली.

पिवळ्या खुणेपाशी काउंटर — दहा हजार पंच्याऐंशी. गुणिले दोन मीटर शहाऐंशी मिलिमीटर. एकवीस किलोमीटर सदतीस मीटर. साठ मीटर कमी! जाऊन येऊन एकशेवीस.

तीनदा गुणाकार केला. साठ मीटर पुढे टेपने मोजलं, तिथल्या दिव्याच्या खांबाला लाल वायरचा तुकडा गुंडाळला.


१० जानेवारी, शुक्रवार

आयोजकांना मंगळवारी पत्र पाठवलं होतं, आकडेवारीसकट. उत्तर आलं. 'मार्गाचे मोजमाप अधिकृत मोजणीदाराकडून झाले आहे. कृपया पिवळ्या खुणेवरील शंकूपाशी वळावे.' दोन ओळी!

हिला वाचून दाखवलं.

"मग वळा शंकूपाशी."

"आणि तो चुकीच्या जागी असला तर?"

"तर सगळेच चुकीच्या जागी वळतील. तुम्ही एकटे कुठे जाणार आहात?"


१८ जानेवारी, शनिवार

बूट, सेफ्टी पिना, टाचेची पट्टी — सगळं खुर्चीवर मांडलंय. हिने कपाटाचं दार उघडून तो कागद दाखवला. "उद्यापासून पहाटे झोपायचं, लक्षात आहे ना?" लक्षात आहे.


१९ जानेवारी, रविवार

चार तास शून्य मिनिटं नऊ सेकंद.

नीट लिहितो.

पहिले दहा किलोमीटर कसे गेले कळलंच नाही. मास्तर डावीकडे. थंडी बेताची, वारा नाही. पंधराव्या किलोमीटरला पाणी घेतलं, न थांबता. गोदामं दिसायला लागली तेव्हा घड्याळ एक तास एकोणसाठ मिनिटांच्या आतच. नारिंगी शंकू दिसला, पिवळ्या खुणेवर. माझी लाल वायर पुढच्या खांबावर. दोन्ही एका नजरेत.

पळता पळता ठरवलं नाही. ते आधीच ठरलेलं होतं. अठरा नोव्हेंबरपासून — ते दुसरं केळं टेबलावर काळं पडलं तेव्हापासून. कमी पळून मिळवलेली टोपी मी कशी घालणार?

मास्तर वळले. मी सरळ.

शंकूपाशी एक बाई शिट्टी घेऊन उभ्या होत्या. "काका! अहो काका, इकडून वळायचं!"

"तुमची खूण चुकलीय, बाई!"

"खूण माझी नाही हो, माझी नुसती शिट्टी!"

मागून मास्तरांचा आवाज — "मोजणीदार, पुढे नुसती गोदामं आहेत!" लोक हसले. मी खांबाला हात लावला, वायर तिथेच होती, वळलो. साठ मीटर जाणं, साठ मीटर येणं. मास्तर तोवर पुढे निघून गेले होते. मग एकट्यानेच.

पस्तीसनंतर टाचेने तोंड उघडलं. एकोणचाळिसाव्याला वाटलं, बसावं. बसलो नाही. शेवटचं वळण घेताना अंतिम रेषेवरचं मोठं घड्याळ दिसलं. तीन एकोणसाठ चाळीस. जीव खाऊन पळालो. पोचलो नाही.

ही कठड्यापाशी होती. "किती?"

"नऊ सेकंद जास्त."

"नऊ? नऊ सेकंदांत थर्मासचं झाकणसुद्धा निघत नाही माझ्याच्याने!" आणि एकदम डोळे पुसायला लागली.

आधीच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा साडेतीन मिनिटं कमी. आणि अंतर पूर्ण. त्या रस्त्यावर आज पूर्ण अंतर पळालेला मी एकटा. झोप छान लागेल.


२० जानेवारी, सोमवार

मास्तर तीन तास एकोणसाठ मिनिटं पस्तीस सेकंदांत आले. गटाने काल तिथेच त्यांना निळी टोपी घातली. आज ती घालून कारखान्याच्या फाटकाशी आले, मला दाखवायला.

मी म्हणालो, "अभिनंदन. पण एकशेवीस मीटरचे एक्केचाळीस सेकंद धरले, तर तुमचे चार तास सोळा सेकंद होतात."

खरं तेच बोललो.

ते फाटकाचा गज धरून उभे राहिले आणि गेले.


२३ जानेवारी, गुरुवार

मास्तर काल तळ्यावर आले नाहीत, आजही नाहीत. संध्याकाळी घरी आलो तर दाराच्या कडीला निळी टोपी अडकवलेली. चिठ्ठी नाही. ही म्हणाली, "तुमचं माप बरोबरच असेल हो. पण माणूस किती दबला, ते बघितलंत का?"

टोपी कपाटात ठेवली. मला ती घालता येत नाही आणि ठेववतही नाही.


२६ जानेवारी, रविवार

सकाळी सायकल काढली. पुढचं चाक मऊ लागलं. ही आतून म्हणाली, "थांबा, हवा भरते. तुम्ही मोजायला गेलात ना, त्या दिवशीही मीच भरली होती. टणक केली होती चांगली, म्हटलं एवढ्या लांब जायचंय."

मी पायरीवरच बसलो.

मग खडू. बोळ. टायर तसाच टणक करून पाच गिरक्या. दोन मीटर ब्याण्णव मिलिमीटर. सहा मिलिमीटर जास्त! गुणिले दहा हजार पंच्याऐंशी — एकवीस किलोमीटर सत्त्याण्णव मीटर, वर ब्याऐंशी सेंटिमीटर. पिवळी खूण बरोबर होती. मास्तर चाराच्या आत होते. साठ मीटर पुढे एकटा मीच गेलो होतो — उगाच.

आधी मास्तरांकडे. टोपी दिली, सगळं सांगितलं. टोपी त्यांनी उलटसुलट करून बघितली, घातली. मग बोटांवर काहीतरी मोजलं. "एकशेवीस मीटर तुम्ही जास्त पळालात. एक्केचाळीस सेकंद. अहो, म्हणजे तुम्हीही तीन एकोणसाठ अठ्ठावीसला होतात!"

हे मी मोजलंच नव्हतं.

घरी येऊन हिला सांगितलं. ती कपाटाच्या दारापाशी गेली. "मग बूट माळ्यावर?"

"प्रमाणपत्रावर चार तास नऊ सेकंदच आहेत."

"बरं." दार लावलं.

दुपारी आयोजकांना माफीचं पत्र लिहून उठलो, तर बूट धुऊन खिडकीत उन्हाला ठेवलेले.